कावळ्याची साक्ष

“उठू नका, बसा, मीच हाय,” असं म्हणत ती ठाण्यात शिरायची. आता खरं सांगायचं तर तिच्यासाठी कोणी उठत नव्हतं. पोलीस ठाण्यात भाजीवाल्या बाईसाठी कोण उठतंय? पण ती इतक्या आपलेपणानं म्हणायची, की एकदा एक नवा शिपाई खरोखरच उठून उभा राहिला. त्याला आम्ही वर्षभर चिडवलं.

हात कधी रिकामे नसायचे. मेथीची जुडी, चार कारली, नाहीतर कोवळ्या गवारीची पुडी. ती माझ्या टेबलावर ठेवायची आणि पहिलं वाक्य भाजीबद्दल असायचं. “कारलं मीठ लावून चोळायचं, सांगा बायकोला. पोलिसांच्या बायका लय टाकून देतात.” दुसरं वाक्य, “लागला का काही तपास?” दोन्ही वाक्यं एकाच आवाजात.

पंचवटीच्या भाजीबाजारात तुमचं जाणं-येणं असेल, तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. उंच, सावळी, कपाळावर गोंदण, आणि तोंडानं फटकळ. वांगं दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायची, “ओ ताई, पोरगी बघायला आलाय का? घ्यायचं तर घ्या.” नवरा फार लवकर गेलेला. एकच मुलगी, मंदा. बाजारामागच्याच एका गल्लीत मंदाचं लग्नानंतरचं बिऱ्हाड होतं, एका खोलीचं. त्या खोलीत भर दुपारी कोणीतरी मंदाचा गळा आवळून जीव घेतला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा सिंहस्थ होऊन गेला, त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट.

ती ठाण्यात यायची ती दर महिन्याच्या वद्य अष्टमीला, कारण मंदाची तिथी ती. आमचं सगळं खातं इंग्रजी तारखेवर चालायचं, ही एकटी पंचांगावर. साहेब बदलला की नव्या साहेबांसमोर जाऊन उभी राहायची. “फाइल नका वाचत बसू साहेब, लय लांबडी हाय. मी सांगते.” आणि पाच मिनिटांत सगळं सांगून टाकायची. शेवट ठरलेला असायचा. “माझ्या लेकीला माझ्या जावयानं मारलं. कोर्टानं सोडला त्याला. आता तुम्ही बघा.”

मी मान खाली घालून काहीतरी लिहीत बसायचो. का, ते आता सांगतो. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, आणि ती बाईही आता नाही. न सांगून कोणाचं काय भलं होणार आहे?

त्या वेळी मी ठाण्यात रायटर होतो. म्हणजे साहेब तपास करणार, माणसं जबाब देणार आणि पांढऱ्यावर काळं करणार मी. मंदाचं प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या आईनंच. तीन वर्षांची नात, रुपाली, सकाळपासून आजीजवळ बाजारात होती. दुपारी तिला घरी सोडायला म्हणून आजी गेली, तर दार नुसतं लोटलेलं. त्याच संध्याकाळी मी तिचा जबाब घेतला. रडणं नाही, ओरडणं नाही. विचारलं तेवढं सांगितलं. जावई सकाळी सहालाच सायकलवरून अंबडला कारखान्यात पहिल्या पाळीला गेला. नवरा-बायकोत भांडण नव्हतं. त्यानं मुलीवर कधी हात उगारला नाही. माझा कोणावर संशय नाही. अंगठा.

दहाव्याचा विधी रामकुंडावर होता. खुनाच्या प्रकरणात अशा ठिकाणी कोण येतं, कोण टाळतं, ते बघायचं असतं, म्हणून साहेबांनी मला साध्या कपड्यांत पाठवलं. रामकुंडावरच्या कावळ्यांचं तुम्हाला काय सांगायचं! पिंड ठेवायचा अवकाश, की झडप. सरावलेले आहेत ते. त्या दिवशी मात्र तास गेला, एक कावळा पिंडाकडे येईना. समोर भिंतीवर ओळीनं बसलेले, पण हलायला तयार नाहीत. मामा म्हणाला, “मंदे, तुझ्या पोरीला मी शिकवीन.” नाही. चुलती म्हणाली, “तुझ्या आईला अंतर देणार नाही.” नाही. मग आई पुढं झाली. हात जोडले आणि म्हणाली, “मंदा, ज्यानं केलं त्याला मी सोडणार नाय.”

नेमका त्याच क्षणी जावई उठला. पोटात अन्न नाही, डोक्यावर ऊन, त्याला भोवळ येत होती. तोंडावर पाणी मारायला तो चार पायऱ्या खाली गेला. आणि भिंतीवरून एक कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

सगळ्यांनी आधी कावळ्याकडे पाहिलं, मग पायऱ्यांवर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या त्या माणसाकडे. मी पोलीस, पण माझ्याही अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला बोलू? ठाण्यात येऊन मी साहेबांना हेच सांगितलं, आणि साहेब हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. “भाऊ, जबाब लिहायचा राहिला,” म्हणाली. “त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला जावई गल्लीतून जाताना दिसला.”

मी लेखणी उचलली आणि थांबलो. “मावशी, नक्की पाहिलंत? तुम्ही तर बाजारात होता.”

ती म्हणाली, “माझ्या मंदानं दाखवलं की. तिनं पाहिलं, म्हंजे मी पाहिलं. तुम्ही पण होता ना तिथं?”

होतो. मी लिहिलं, ‘मी माझे जावयास स्वतः पाहिले.’ ‘स्वतः’ हा शब्द तिचा नव्हता. तो माझा होता. पुरवणी जबाब पक्का दिसावा म्हणून घातला.

पुढं सगळं सरळ होत गेलं, इतकं सरळ की कोणाला शंकाच येऊ नये. मंदाच्या साडीच्या पदराला रक्त होतं, मारणाऱ्याला ती कडकडून चावली होती त्याचं. त्या काळी रक्ताचा फक्त गट कळायचा. गट आला बी. मंदाचा ओ, जावयाचा बी. झालं! अहो, बी गटाची माणसं मोजायला बसलात तर एकट्या पंचवटीत चार गल्ल्या भरतील. पण ज्याला आधीच उत्तर माहीत असतं, तो गणित कशाला तपासतो? कारखान्यातल्या कार्डावर त्याची हजेरी होती, तर आम्ही म्हणालो, कार्ड काय, मित्रही लावतो. अंगावर चाव्याचा व्रण सापडला नाही, तर म्हणालो, दहा-बारा दिवसांत भरला असेल.

तीन वर्षं तो कच्च्या कैदेत होता. खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या वकिलानं तिचे दोन्ही जबाब शेजारी शेजारी ठेवले आणि पार चिंध्या केल्या. तरी ती पिंजऱ्यात ताठ उभी राहून सांगत होती, “पाहिला. मी पाहिला.” संशयाचा फायदा मिळून तो सुटला. निकालात जबाब लिहिणाऱ्यावर दोन ओळी होत्या, त्यामुळे माझी उचलबांगडी होऊन मी मुद्देमालाच्या खोलीत गेलो. म्हणजे जप्त केलेल्या वस्तू सांभाळायच्या. सुरे, सायकली, दारूचे कॅन, कोणाकोणाचे रक्ताचे कपडे. लोक त्याला शिक्षा समजायचे, मला मात्र बरं वाटलं. तिथं काही लिहावं लागत नव्हतं, फक्त नोंद करायची.

सुटल्यावर तो पोरीला न्यायला आला होता. गल्लीनं त्याला हाणला. ती दारात पोरीला पाठीशी घालून उभी होती, कोणाला आवरा म्हणाली नाही. तो इगतपुरीकडे आपल्या गावी निघून गेला. नंतर वर्षातून एक-दोनदा रुपालीच्या शाळेसमोर रस्त्यापलीकडे येऊन उभा राहायचा, नुसता. हिला कळलं तशी हिनं पोरीची शाळा बदलली. पोर मोठी होत गेली ती एवढं ऐकत, की बाप आईचा मारेकरी आहे.

आणि दर अष्टमीला ती माझ्याकडे. आता भाजी मुद्देमालाच्या टेबलावर. तपासाचं विचारून झालं, की हळूच म्हणायची, “हात लावू का?” मंदाच्या साडीचं पुडकं, खाकी कागदात गुंडाळून लाखेनं मोहोर केलेलं, वरच्या फळीवर होतं. नियमात बसत नव्हतं, पण मी ते काढून तिच्यासमोर ठेवायचो. ती उघडा म्हणायची नाही. वरून तळहात ठेवायची, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. दोन मिनिटं. मग, “ठेवा. उंदरांचं बघा बरं, लय झालेत तुमच्याकडे.”

निकालानंतर मुद्देमाल नष्ट करावा, असा हुकूम होता. दरवर्षी नाशाची यादी निघाली, की त्या पुडक्याचा नंबर मी पुढच्या वर्षावर ढकलायचो. साहेबांनी विचारलं, तर राहिलं वाटतं म्हणायचो. कायद्याची चाड वगैरे काही नव्हती. पुढच्या अष्टमीला त्या बाईला काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. दुसरा सिंहस्थही होऊन गेला. तिचे केस पांढरे झाले, माझा चष्मा जाड झाला, आणि रुपाली नववीत गेली. त्या सुमाराला अंबडच्या बाजूला एका घरात शिरून बाईचा गळा आवळताना एक माणूस पकडला गेला. ती बाई वाचली. आमच्याकडे तेव्हा एक तरुण अधिकारी नुकताच आला होता, खोदून विचारणारा. त्यानं त्या माणसाचे जुने पत्ते काढले. त्यातला एक पत्ता मंदाच्या शेजारची खोली. मंदा गेली त्या वर्षी हा तिथं भाड्यानं राहत होता, आणि दहाव्याच्या आधीच खोली सोडून गेला होता. आम्ही कधी विचारलंच नव्हतं, कारण आमचा गुन्हेगार आम्हाला सापडला होता ना!

तो अधिकारी माझ्या खोलीत आला. “त्या केसचा मुद्देमाल कधीच जाळला असेल, नाही?”

मी स्टुलावर चढलो आणि पुडकं काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही पराक्रमच केलाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुडकं मुंबईला तपासणीला गेलं. डीएनए हा शब्द तोवर आम्ही वर्तमानपत्रातच वाचलेला. दोघांचं रक्त घेतलं, त्या माणसाचं आणि जावयाचं. जावयाला इगतपुरीहून बोलावलं, तेव्हा तो आला, बाही वर केली, हात पुढं केला आणि काही न विचारता परत गेला. बऱ्याच महिन्यांनी अहवाल आला. पदरावरचं रक्त त्या शेजाऱ्याचं होतं. जावयाचं नव्हतं, नव्हतं आणि नव्हतं.

तिला सांगायला मी बाजारात गेलो. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मी पोत्यावर टेकलो आणि सगळं सांगितलं. तिनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली. दुसरी घेतली, तीही बांधली.

“म्हंजे जावई नव्हता?”

“नव्हता, मावशी.”

“रक्त खोटं बोलत आसंल.”

“नाही बोलत.”

ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. एका बाईनं भाव विचारला, तिला ऐकू आलं नाही. मग अगदी बारीक आवाजात मला म्हणाली, “मग भाऊ, मी काय पाहिलं?”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज म्हणतो. पण तो दोर वळायला मीही बसलो होतो, हे त्या बाईला कोण सांगणार?

पुढची अष्टमी आली, ती आली नाही. त्याच्या पुढच्या अष्टमीलाही नाही. आली ती एका भलत्याच दिवशी, रिकाम्या हातानं. टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “लिहा.”

“काय लिहू?”

“मी खोटं बोलले ते.”

मी घाबरलो. हो, घाबरलो, निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. म्हणालो, “मावशी, आता काय उपयोग? खरा माणूस सापडलाय. खटला चालेल. जुनं उकरून काय करता?”

“तवा लिहिलंत ना? मग आता लिहा.” आवाज चढलेला नव्हता. “ठाण्यात नाय द्यायचा. त्याला द्यायचाय. मला लिवता येतं का? नायतर कशाला आले असते तुमच्याकडं?”

मी कोरा कागद घेतला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. या वेळी माझ्या पदरचा एक शब्दही घातला नाही. शेवटी म्हणाली, “आन लिहा, मला कोणी सांगायला लावलं नाय.” मी थांबलो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझी अब्रू ती झाकत होती. मी तेही लिहिलं.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी आम्ही तिघं एसटीनं इगतपुरीला गेलो, ती, रुपाली आणि मी. पोरीला एवढंच सांगितलं होतं, की खरा मारेकरी दुसरा निघाला, आणि तुझ्या बापाला भेटायचंय. सबंध रस्ताभर पोर खिडकीबाहेर बघत होती. स्टँडवरून आत दोन मैल चालत त्याचं गाव. भाताची झोडणी चालली होती. खळ्यावर तो पेंढ्या आपटत होता. चाळिशीचा माणूस, पण डोकं पांढरंफटक. आम्हाला पाहून हातातली पेंढी खाली ठेवली. मग म्हणाला, “या मामी.”

तांब्याभर पाणी आणलं. आधी तिला दिलं, मग मला, मग पोरीला. पोरीला देताना तो तिच्या तोंडाकडेच बघत राहिला, आणि अर्धं पाणी सांडलं. तिनं उरलेलं पिऊन टाकलं.

म्हातारीनं कनवटीचा कागद काढून त्याच्यासमोर धरला. त्यानं घेतला नाही. माझ्याकडे पाहत म्हणाला, “पोलिसांनी लिहिलेला कागद मी एकदा वाचलाय. पुन्हा नाय वाचणार.”

म्हातारी तशीच हात पुढं करून उभी. मग तिनं तो कागद रुपालीकडे दिला. “वाच गं. मोठ्यानं वाच.”

पोर वाचायला लागली. शाळेत धडा वाचतात तशी, आवाज एकसारखा. “मी खाली अंगठा करणार लिहून देते की, माझी मुलगी मंदा मारली गेली त्या दुपारी मी बाजारात माझ्या जागेवर होते. नात माझ्याजवळ होती. माझ्या जावयाला मी गल्लीत पाहिले नाही.” इथं ती थांबली.

“वाच,” आजी म्हणाली.

“मी पोलिसांत आणि कोर्टात खोटे सांगितले. जावयाने माझ्या मुलीला कधी दुखवले नाही. तो शाळेपाशी येत होता, तेव्हा मी नातीची शाळा बदलली. नातीला मी तिच्या बापाविषयी खोटे सांगून वाढवले. मला कोणी सांगायला लावले नाही.”

कागद दुमडून पोरीनं माझ्याकडे पाहिलं. “काका, आजीचा तेव्हाचा जबाब पण तुम्हीच लिहिला होता?”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

म्हातारी मध्ये काही बोलायला गेली. मी तिला हातानं थांबवलं. तेवढं तरी मला करता आलं. “हो बाळा. माहीत होतं.”

तो खळ्याच्या कडेला खाली बसला. मला एक शिवी तरी देईल असं वाटलं, दिली असती तर बरं झालं असतं. पण माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. “मामी,” तो म्हणाला, “पोलिसांना मी कोण ते माहीत नव्हतं. जजसाहेबांना नव्हतं. पण तुम्ही पाच वर्षं मला जेवू घातलं होतं. तुम्ही तरी मला ओळखत होता ना?”

ती बाई, जिनं सात साहेबांना गप्प केलं होतं, ती वाकली आणि जावयाच्या पायाकडे हात नेला. त्यानं पाय मागं घेतले. रागानं नाही, लाजून. मग पोरीकडे वळून विचारलं, “भूक लागली आसंल तुला?” पोरीनं मान हलवली. दोघं घरात गेली.

आम्हालाही जेवायला बोलावलं, पण ती उंबऱ्याच्या आत गेली नाही. संध्याकाळी निघताना रुपाली दारात आली आणि म्हणाली, “आजी, मी राहते थोडे दिवस.” आजी म्हणाली, “ऱ्हा. ऱ्हा की.” पोरीनं तिला मिठी मारली नाही, नमस्कारही केला नाही. ते थोडे दिवस लांबत गेले. पुढं परीक्षेपुरती पोर आली आणि पुन्हा बापाकडे गेली. त्या शेजाऱ्याला जन्मठेप झाली, ते ऐकायला म्हातारी कोर्टात आली नाही. मी घरी जाऊन सांगितलं, तर “बरं,” म्हणाली. त्याच हिवाळ्यात ती गेली.

पण मला ती आठवते, ती इगतपुरीच्या स्टँडवरची. धुकं उतरायला लागलं होतं. बाकावर ती माझ्या शेजारी बसली होती, हात मांडीवर, आणि दुसऱ्या बाजूला रुपालीच्या वाट्याची मोकळी जागा. नाशिकची गाडी लागली. मी उठलो, पण ती उठेना. माझी बाही धरली आणि विचारलं,

“भाऊ, आपण गेलो तवा तो ‘या मामी’ म्हणाला ना? खरंच म्हणाला ना? का ते पण मला नुसतंच ऐकू आलं?”

“म्हणाला, मावशी,” मी म्हणालो. “मी ऐकलं.”

तिनं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मी खरं सांगतोय की नाही, ते तिला ठरवता येत नव्हतं.